वसईचा १६३५ सालचा नकाशा हाताने कसा उतरवावा

जुना नकाशा रंगवायचा असेल तर सुरुवात तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या नकाशाने करू नका. लिन्सखोटेन या डच प्रवाशाच्या १५९६च्या पुस्तकातला गोव्याचा नकाशा कितीही मोह पाडो, त्यातल्या बारीक रेघांची छाया कोरणीने काढलेली आहे. टाकाने ती साधायला फार तयार हात लागतो. त्याऐवजी मुळातच कुंचल्याने रंगवलेला नकाशा घ्या.

मी सुचवेन पेद्रो बार्रेतो दे रेझेंदेचा वसईचा नकाशा. अंतोनियो बोकारोने १६३५ साली पोर्तुगीज राजासाठी पूर्वेकडच्या किल्ल्यांचं आणि शहरांचं वर्णन लिहिलं, त्यातले नकाशे रेझेंदेचे. ग्रंथ पोर्तुगालमध्ये एव्होराच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. चौल, दमण, दीवही त्यात आहेत. वसई यासाठी की चिमाजी अप्पांनी १७३९ साली घेतलेला तो किल्ला आजही जाऊन पाहता येतो, आणि कागदावरचा बुरूज प्रत्यक्षात कुठे आहे हे पायांना कळलं की रेघ वेगळीच उमटते.

रेझेंदेच्या नावाचं एक हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही आहे. हाताने केलेल्या दोन प्रती हुबेहूब जुळत नाहीत, म्हणून एकच प्रत निवडा आणि शेवटपर्यंत तिच्याशीच राहा. छायाचित्र मोठ्यात मोठं मिळवा. बांधीव ग्रंथाचा फोटो असेल तर शिवणीजवळ पान वाकून आकृती आखडलेली असते, तेवढ्या भागाची मापं जपून घ्या.

कागद पूर्ण सुती, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद मला आवडतो, पण कोणताही हातकागद घेतला तरी कोपऱ्यावर आधी शाईची एक रेघ ओढून पाहा. रेघेला केस फुटले तर तो कागद या कामाचा नाही. कागद ओला करून पाटावर गमटेपने, म्हणजे ओली करून चिकटवायच्या कागदी पट्टीने, चारही बाजूंनी ताणून लावा आणि रात्रभर वाळू द्या.

आता चौकटी. छायाचित्रावर आणि कागदावर सारख्या प्रमाणात चौकटी पाडा, २एच पेन्सिलने, अगदी हलक्या. मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक होतो. ट्रेसिंग पेपर टाकून गिरवणं मला सोपं होतं, तरीही मी चौकटींनीच काढतो. गिरवताना हात नुसता रेघेमागे जातो, चौकटीत मात्र प्रत्येक वळण डोळ्यांनी मोजावं लागतं. तटाच्या भिंतींना पट्टी लावू नका, वळणं आखायची फ्रेंच कर्व्ह पट्टी तर नकोच. जुना हात जिथे किंचित हलला आहे तिथे तुमचाही हलू द्या.

आणि नकाशा दुरुस्त करू नका. हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. तट वरून पाहिल्यासारखा आणि घरं, देवळं समोरून पाहिल्यासारखी, अंतरं आजच्या मोजणीशी न जुळणारी, हे सगळं तसंच ठेवा. १६३५ साली त्या माणसाला वसई कशी दिसली, त्याला काय मोठं वाटलं, ते त्या ‘चुकां’मध्येच आहे. उपग्रहाच्या चित्राशी ताडून खाडी सरळ केलीत की उरतो तो तुमचा नकाशा.

शाई पिगमेंटची, पाण्याने न फुटणारी, गडद तपकिरी. जुन्या काळची लोहयुक्त शाई हौसेने बनवू नका, ती कागद खाते. जंगालाचा, म्हणजे तांब्यावरच्या गंजापासून केलेला हिरवाही तसाच: जुन्या नकाशांत कितीतरी ठिकाणी तो तपकिरी पडून त्याखालचा कागद तडकला आहे. हिरव्यासाठी व्हिरिडियन या निळसर हिरव्या जलरंगात मातकट पिवळा यलो ऑकर मिसळा. कौलांना तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना, निळ्याला अल्ट्रामरीन.

किनाऱ्याचं पाणी असं भरा. पाट थोडा तिरका करा. किनाऱ्याच्या रेघेबाहेर बोटभर रुंद पट्टा स्वच्छ पाण्याने ओला करा, चकाकी जाऊन नुसता ओलसर मंदपणा उरेपर्यंत थांबा, मग रेघेला लागून निळा सोडा. तो आपसूक बाहेर विरत जातो. विरला नाही तर धुऊन पिळलेल्या कुंचल्याने कड एकदाच ओढा. दुसऱ्यांदा हात लावलात की डाग पडतो. पूर्ण वाळल्यावर वर दुसरा हात द्या. गडदपणा असाच थरांनी आणायचा.

अक्षरं सर्वांत शेवटी. आपला हात देवनागरीचा, अक्षर शिरोरेषेखाली टांगायची सवय. रोमन अक्षरं खालच्या रेघेवर उभी असतात. म्हणून पेन्सिलची रेघ अक्षरांच्या पायाशी ओढा, नाहीतर नावं खाली घसरतात. ‘सी’खालची पोर्तुगीज शेपटी (ç) विसरू नका. चूक झालीच तर शाई पुरती वाळू द्या, नव्या ब्लेडने अलगद खरवडा आणि नखाने घोटून घ्या.

चहाच्या पाण्यात बुडवून कागद जुना दिसवायचा प्रकार कृपा करून टाळा. कागद खराब होतो आणि पुढे कोणाच्या तरी हाती ती प्रत अस्सल म्हणून पडू शकते. मागे पेन्सिलने स्पष्ट लिहा: प्रतिकृती, मूळ कोणाचं, कुठे आहे, तुमचं नाव, साल.

फ्रेम कोकणात तरी पावसाळ्यात करू नका, काचेआड दमटपणा कोंडून बुरशी धरते. दिवाळीनंतर करा, काच कागदाला टेकणार नाही असा आम्लविरहित माउंट घालून, आणि उन्हाची तिरीप न येणाऱ्या भिंतीवर लावा.