व्हेरिलॉग शिकताना या चुका टाळा: सिम्युलेशन पास, बोर्ड नापास

व्हेरिलॉग म्हणजे डिजिटल सर्किटचं वर्णन लिहायची भाषा. त्यातला कोड सिम्युलेशनमध्ये (संगणकावरच्या चाचणीत) बरोबर आणि बोर्डवर घोळ असेल, तर कोड बदलत बसण्याआधी पुशबटणाची वायर कुठे जाते ते बघा.

नेहमीचा प्रकार असा. बेसिस ३ हा एफपीजीए (हवं ते सर्किट भरता येणारी चिप) बोर्ड, १०० मेगाहर्ट्झचं क्लॉक, बटण दाबलं की स्टेट मशीन (ठरलेल्या अवस्थांमधून पुढे सरकणारं सर्किट) ०१ वरून १० वर जायला हवी. टेस्टबेंचमध्ये, म्हणजे सिम्युलेशनसाठी लिहिलेल्या चाचणी-कोडमध्ये, बटण क्लॉकला धरून दाबलेलं असतं, बोट मात्र क्लॉक पाळत नाही. क्लॉकची कड येते त्याच क्षणी बटण बदललं, तर एका फ्लिप-फ्लॉपला (क्लॉकच्या कडेला एक बिट साठवणारा घटक) नवी किंमत दिसते, दुसऱ्याला जुनी. मशीन ०० किंवा ११ मध्ये जाऊन अडकते. ते शोधायला एक एलईडी जोडला की प्लेसमेंट (चिपवर कोणता भाग कुठे बसतो ते) बदलतं आणि दोष गायब! एलईडी काढला की परत हजर. यात तीन-तीन दिवस जातात आणि शेवटी बिचाऱ्या बोर्डालाच दोष दिला जातो.

बाहेरून येणारा प्रत्येक सिग्नल आधी एकामागोमाग दोन फ्लिप-फ्लॉपमधून न्या आणि फक्त दुसऱ्याचं आउटपुट वापरा. मग डिबाउन्स, म्हणजे बटणाच्या संपर्काची थरथर गाळणं: २१ बिटांचा काउंटर १०० मेगाहर्ट्झला साधारण २१ मिलिसेकंद मोजतो, तेवढा वेळ बटण स्थिर असेल तरच ते खरं माना. त्यानंतर कड ओळखा, म्हणजे ० चं १ झालं तो एकच क्षण पकडा, नाहीतर एका दाबण्यात बटणाने वाढवायचा काउंटर लाखो वेळा वाढतो. हा क्रम बदलू नका.

दुसरा हट्ट क्लॉक भागण्याचा. सेकंदाला एकदा काहीतरी करायचं म्हणून २७ बिटांचा काउंटर लावतात आणि त्याचा वरचा बिट थेट दुसऱ्या ऑलवेज ब्लॉकला (always ने सुरू होणारा कोडचा भाग) क्लॉक म्हणून देतात. एलईडी लुकलुकतो, म्हणून हे चालतंय असं वाटतं. पण तो सिग्नल बऱ्याचदा क्लॉकच्या खास वायरिंगऐवजी साध्या वायरिंगमधून फिरतो, आणि वेगळं सांगितल्याशिवाय टाइमिंग रिपोर्टमध्ये (सिग्नल वेळेत पोहोचतात का याचा अहवाल) त्याची नीट तपासणी होत नाही. काउंटर ९,९९,९९,९९९ वर आला की एकाच क्लॉकपुरता इनेबल (‘आता काम कर’ असा सिग्नल) द्या आणि काउंटर शून्यावर आणा. सगळे ब्लॉक मूळ क्लॉकवरच चालू द्या. दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात, त्यांचा कंटाळा करू नये.

किंमत देताना क्लॉकवरच्या ब्लॉकमध्ये <=, कॉम्बिनेशनल ब्लॉकमध्ये (क्लॉकशिवाय, फक्त इनपुटवर चालणाऱ्या) =. एका ब्लॉकात दोन्ही मिसळू नका.

कॉम्बिनेशनल ब्लॉकच्या पहिल्या ओळींत प्रत्येक आउटपुटला किंमत द्या. एल्स विसरलात तर लॅच (जुनी किंमत धरून ठेवणारा नको असलेला घटक) तयार होतो. त्याची वॉर्निंग येते, पण ती उघडून वाचली तर!

#१० सारखा डिले फक्त सिम्युलेशनपुरता असतो, सिंथेसिस (कोडचं सर्किटमध्ये रूपांतर) तो सोडून देतं.

मॉड्यूल जोडताना वायरचं नाव चुकलं तर व्हेरिलॉग गुपचूप एक बिटाची नवी वायर बनवतं आणि आठ बिटांच्या बसचे सात बिट हरवतात. फाइलच्या पहिल्याच ओळीत `default_nettype none लिहिलं की तिथेच एरर मिळते.