रहस्यकथेचं कार्ड करायच्या आधी काय काय जमवायचं

रहस्यकथेसारखं कोडं घातलेलं शुभेच्छा कार्ड घरी करून पोस्टानं पाठवायचं असेल तर पहिलं म्हणजे कागद आणायला लगेच आपल्या बेळगावच्या खडेबाजारात पळू नका, आधी पुस्तक परत वाचून काढा. लहानपणी ज्या रहस्यकथांपायी ताटातलं जेवण थंड व्हायचं त्यातलीच एक दोन घ्या आणि यावेळी हातात पेन्सिल ठेवा. चोर कोण ते आपल्याला आधीच ठाऊक असतंय, त्यामुळं दुसऱ्यांदा वाचताना लेखकानं सुगावा कुठं ठेवलाय आणि वाचणाऱ्याचं लक्ष दुसरीकडं कसं वळवलंय ते दिसायला लागतंय, आणि आपल्याला कार्डासाठी नेमकं तेच पाहिजे. बॅटरी, भिंग, बुटांचे ठसे, भुयाराचं तोंड ही चित्रं काढा की, छान दिसतात, पण माझं म्हणणं असं की कार्ड ज्याला मिळेल त्याला पाच दहा मिनिटं तरी स्वतः डिटेक्टिव्ह होता आलं पाहिजे. मुखपृष्ठ बघून चित्र उतरवण्यापेक्षा त्यात लई जास्त मजा आहे. म्हणून कोडं आधी ठरवायचं, मग कागद.

कोडं ठरवायला आधी माणसांची यादी पाहिजे, कारण सगळ्यांना एकच कोडं चालत नाही. खानापूरच्या भाचीला, म्हणजे दुसरी तिसरीतल्या पोरांना, चभाषा पुरते. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि पुढं च लावायचा, वाढदिवसचं होतंय चढदिवसवा, पोरं दोन मिनिटांत ओळखतात आणि मग दिवसभर घरात तसंच बोलत सुटतात. फास्टर फेणे वाचलेला कुणी असेल तर कार्ड उघडल्या उघडल्या मोठ्या अक्षरात नुसतं फेणेचं ते 'ट्टॉक' लिहा, पुढं काही सांगावं लागत नाही.

कोल्हापूर, पुण्याकडच्या भावंडांसाठी मात्र आपल्याकडं एक असं हत्यार आहे की ते त्यांच्याकडं नाही. आपण हितं बसच्या पाट्या वाचून वाचून कन्नड अक्षरं शिकलोय, मग मजकूर मराठीच ठेवायचा आणि लिहायचा कन्नड लिपीत. त्यांना वाटतंय कन्नड आहे, कुणा कन्नड येणाऱ्याला दाखवतात, तो मोठ्यानं वाचतो आणि त्याला काही कळत नाही पण ऐकणाऱ्याला सगळं कळतंय! एवढी सुंदर युक्ती मी कुठल्याच पुस्तकात वाचलेली नाही. तयारी एवढीच करायची की कन्नडात ए आणि ओ ऱ्हस्व वेगळा, दीर्घ वेगळा असतो, आपण दीर्घच वापरायचा, आणि आधी कच्च्या कागदावर लिहून घरात ज्याचं शिक्षण कन्नड मीडियममध्ये झालंय त्याच्याकडून एकदा वाचून घ्यायचं. हितल्या हितं कुणाला पाठवत असाल तर मात्र ही युक्ती बाद, सगळ्यांना येतंयच वाचायला.

मोठ्यांसाठी अक्षरांचं चक्र करा, हे माझं सगळ्यात आवडतं. ङ आणि ञ सोडले तर क पासून ळ पर्यंत बरोबर ३२ व्यंजनं होतात, आणि ३२ चा फायदा असा की कोनमापक काढावाच लागत नाही. पातळ कागदाचा गोल कापायचा, अर्धा दुमडायचा, परत अर्धा, असं एकूण पाच वेळा, उघडला की ३२ सारखी घरं तयार. शेवटची घडी जाड होते म्हणून वर्तमानपत्राचा कागद घ्या आणि त्यावरून जाड कागदावर खुणा करा. बाहेरचं चक्र ९ सेंटिमीटर व्यासाचं, आतलं ७ चं, दोन्हीवर त्याच क्रमानं अक्षरं, आणि मधोमध जाड दोऱ्याची दोन्हीकडून गाठ. आपल्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात, छताला दगडी कमळ आहे ना, ते एकदा मान वर करून नीट बघून या, चक्राची घरं पाकळ्यांसारखी रंगवली की चक्र कसलं कमळच दिसतंय.

आतलं चक्र एक घर पुढं सरकवलं, म्हणजे प्रत्येक अक्षराऐवजी चक्रावरचं त्याच्या पुढचं अक्षर लिहिलं, तर वाढदिवसचं शाणधिशह होतंय. काना, वेलांटी जागच्या जागीच ठेवायची, सुटे स्वर पण तसेच, कारण सोडवणाऱ्याला कुठंतरी पाय टेकायला जागा पाहिजे. १९०३ मधली ती नाचणाऱ्या माणसांची शेरलॉक होम्सची कथा आठवा, त्यात नाचणाऱ्या माणसाची एकेक आकृती म्हणजे एकेक गुप्त अक्षर असतंय, होम्स सगळ्यात जास्त वेळा येणारी आकृती म्हणजे इंग्रजी ई धरतो आणि आकृतीच्या हातातल्या झेंड्यावरून शब्द संपला हे ओळखतो. म्हणजे कोडं घालणाऱ्याकडून फट राहिलेली असते म्हणूनच ते सुटतंय, आपण ती फट मुद्दाम ठेवायची. जोडाक्षरं शक्यतो टाळा, ज्ञ तर घेऊच नका, आपल्या चक्रात ञ नाहीच आहे.

आता कागद. २५० ते ३०० जीएसएमचा घ्या, जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, त्याहून पातळ उभा राहत नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये जाऊन 'काका, कटिंगचे तुकडे हाईत काय' म्हणून विचारायचं, चांगल्या जाड कागदाच्या पट्ट्या स्वस्तात मिळून जातात. साईज ठरवताना वजन बघा, बरेचजण हितंच फसतात. ए-फोरचा अख्खा ३०० जीएसएम कागद दुमडला तर तो एकटाच जवळजवळ १९ ग्रॅम भरतो, त्यावर पाकीट आलं की २० च्या वर, म्हणजे पाच रुपयाच्या तिकिटात बसत नाही. तोच अर्धा कापून दुमडला तर सव्वानऊ ग्रॅम, मग चक्र, चिठ्ठी, पाकीट धरून आरामात बसतंय. घडी घालायच्या आधी कागद दोन्हीकडून हलकाच वाकवून बघा, ज्या बाजूनं सहज वाकतो तिकडूनच घडी घाला, उलट्या बाजूनं घातली की घडीवर कागद फुटून पांढऱ्या चिरा दिसतात. घडीच्या जागी स्टीलची पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेननं दाबून रेघ ओढायची, मग दुमडायचं, मग चमच्याच्या पाठीनं घासायचं.

कार्डात जुनाट दिसणारा नकाशा घालायचा तर कागद कोऱ्या चहाच्या पाण्यात बुडवायचा, दूध साखर घातलेला चहा नको, चिकट होतंय आणि मुंग्या येतात. नकाशा कुठला काढायचा त्याची आपल्याकडं कमी नाही, येळ्ळूरचा राजहंसगड काढा नाहीतर बेळगावच्या किल्ल्याचा खंदक, भुयार आपल्या मनानं दाखवा.

गुप्त शाईसाठी लिंबाचा रस आणि कानातली काडी. हे पातळ कागदाच्या वेगळ्या चिठ्ठीवरच लिहा, जाड कागदावर उमटायला वेळ लागतो. सोबत इस्त्रीनं गरम कर असं लिहायला विसरू नका, पुस्तकात दिव्यावर धरतात पण आता घरोघरी एलईडी, त्याच्यावर तासभर धरलं तरी काही होत नाही. दुसरी शाई आपल्या देवघरातली. हळद आणि चुना मिळून लाल होतंय, कुंकू तसंच करतात. तर पानाच्या चुन्याची वरची निवळी घेऊन ब्रशनं लिहायचं, वाळलं की दिसत नाही, मिळालेल्या माणसानं हळदीचं पाणी फिरवलं की लाल अक्षरं वर येतात. चुना मोठ्या माणसानंच हाताळायचा, पोरांच्या डोळ्यात जाता कामा नये.

पावसाळ्यात करणार असाल तर जास्तीची तयारी लागते, आपला पाऊस काय सांगायला नको. कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वजनाखाली ठेवा, चहात बुडवलेला कागद आधी फॅनखाली आणि मग दोन कापडांमध्ये इस्त्री करून पूर्ण वाळवा, ओलसर राहिला तर पाकिटातच बुरशी धरते. फेव्हिकॉल अगदी पातळ, नाहीतर ग्लू स्टिक, कारण जास्त ओल झाली की कार्ड वाकतंय. पाकिटावर पत्ता बॉलपेननंच, जेलपेन थेंब पडला की पसरतो, आणि पिनकोड दोनदा तपासून.

शेवटी एक वही पाहिजे, त्यात कुणाला कुठलं कोडं, चक्र किती घरं सरकवलं, उत्तर काय, हे पोस्टात टाकायच्या आधी लिहून ठेवा. समोरचा अडकून फोन करतोच, तेव्हा उत्तर सांगायचं नाही, एकच सुगावा द्यायचा, आणि तो काय द्यायचा ते पण वहीत आधीच लिहिलेलं असू दे.