फळीवर फळी: व्हायकिंग होडीचा जोड कसा घालायचा

व्हायकिंग होडी म्हटलं की डोळ्यांपुढे नाळेवरचं ड्रॅगनचं तोंड येतं. पण होडी ओळखायची ती फळ्यांवरून. वरची फळी खालचीवर बाहेरून चढलेली असते, छपरावरच्या कौलांसारखी. शिवाय इथे आधी फळ्यांचं कवच तयार होतं आणि फासळ्या मागून बसतात.

डेन्मार्कच्या ह्योर्टस्प्रिंग होडीत (इ.स.पू. ३५०च्या सुमारास) फळ्या शिवलेल्या आहेत. चौथ्या शतकातल्या न्यूडाम होडीत लोखंडी रिवेट (टोक ठोकून पसरवलेले खिळे) आले, शीड मात्र नव्हतं. नवव्या शतकातल्या नॉर्वेच्या ओसेबर्ग आणि गोकस्टाड जहाजांना डोलकाठीही आहे. एवढ्या काळात टिकून राहिला तो फळीवर फळी चढवायचा जोड. तो कळायला एक नमुना करून बघणं बरं.

१ मीटर लांब, १२ मिमी जाड अशा पाइनच्या दोन फळ्या घ्या. गाठी नकोत आणि लाकडाच्या रेषा सरळ हव्यात. (व्हायकिंग होडीच्या फळ्यांसाठी करवत वापरत नसत. ओकचा ओंडका पाचरी ठोकून केंद्रातून फोडत आणि कुऱ्हाडीने तासत. रेषा तुटत नाही, म्हणून फळी पातळ असूनही दमदार राहते.) खालच्या फळीच्या वरच्या कडेला, बाहेरच्या अंगाने, २२ मिमी रुंदीची खूण करा. तेवढाच पट्टा रंध्याने तासून उतार द्या. होडीला जितकी गोलाई, तितका उतार जास्त. वरची फळी टेकवून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला तर पुन्हा रंधा. हे काम कंटाळवाणं आहे, पण गळती बहुतेक वेळा इथेच ठरते.

जोडात डांबरात भिजवलेलं लोकरीचं सूत ठेवा आणि फळ्या शिकंज्यात आवळा. ७–८ सेमी अंतरावर, पट्ट्याच्या मध्यावर, खिळ्यापेक्षा किंचित बारीक भोकं पाडा. तांब्याचा चौकोनी खिळा बाहेरून ठोका. पुढचं काम दोघांचं. एकाने बाहेरून खिळ्याच्या डोक्याला जड लोखंड टेकवून धरायचं. दुसऱ्याने आतून तांब्याचा वायसर पोकळ ठोकणीने फळीपर्यंत दाबून बसवायचा, खिळा वायसरच्या वर दीड-दोन मिमी राखून कापायचा आणि हलक्या हातोडीने गोल गोल ठोकत टोक पसरवायचं. वायसरचं भोक खिळ्याला घट्ट बसणारं हवं. सैल असेल तर तो जोड ओढत नाही. खिळा लांब राखला किंवा जोरात ठोकला तर तो लाकडाच्या आतच वाकतो. बाहेरून काही दिसत नाही, पण जोड ढिला राहतो. भोकं कडेच्या फार जवळ गेली तर फळी चिरते.

असा जोड थोडा लवचीक असतो आणि त्याचं बळ त्यातच आहे. गोकस्टाडची प्रतिकृती १८९३ मध्ये नॉर्वेहून अटलांटिक ओलांडून अमेरिकेला गेली. कप्तान माग्नुस आंदेर्सन यांनी नोंदवलं आहे की कठडा सुमारे १५ सेमीपर्यंत पिळवटत होता, तरी जहाज कोरडं राहिलं.

आजच्या वारसांत नॉर्वेतली ओसेलवार होडी ठळक. तिच्या प्रत्येक बाजूला तीनच रुंद फळ्या, म्हणून प्रत्येक फळीचं वळण जमवणं कारागिराच्या नजरेवर. उत्तर नॉर्वेची नूरलान होडी आणि स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरची योल होडी याच घरातल्या. योलचे सुटे भाग तर एकेकाळी नॉर्वेहून जहाजाने यायचे. या नॉर्डिक परंपरेची २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत नोंद झाली.

अशी होडी उन्हात सुकली तर पहिल्या दिवशी गळणारच. सांध्यांत कडक पुट्टी भरू नका. फळ्या फुगल्या की तीच पुट्टी रिवेट उपटते. होडी उथळ पाण्यात एक-दोन दिवस बुडवून ठेवा, फळ्या फुगून फटी आपोआप मिटतात.