ओजे २८७ ‘भडकला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

कर्क राशीत, पुष्य नक्षत्रातल्या तारकागुच्छाच्या थोडं पूर्वेला ओजे २८७ हा ब्लेझार आहे, म्हणजे केंद्रातल्या प्रचंड कृष्णविवराजवळून निघणारा झोत आपल्या दिशेने रोखलेली दीर्घिका. अंतर सुमारे साडेतीन अब्ज प्रकाशवर्षं, प्रत (तेजाचं माप; आकडा जितका लहान तितकी वस्तू उजळ) एरवी १४ ते १६च्या आसपास. आठ-दहा इंची दुर्बीण आणि बरा कॅमेरा असला की हौशी निरीक्षकालाही त्याच्या तेजाचा आलेख ठेवता येतो. म्हणूनच ‘काल तो भडकला’ अशा घोषणाही वरचेवर होतात. त्यातल्या बऱ्याच भडक्यांचा उगम साडेतीन अब्ज प्रकाशवर्षांवर नाही, निरीक्षकाच्या गच्चीवर असतो.

सगळ्यात महागात पडते ती एकाच तुलना-ताऱ्यावर, म्हणजे ज्याच्या ठाऊक तेजाशी ब्लेझारचं तेज ताडून पाहतात अशा ताऱ्यावर, विसंबण्याची सवय. जवळचा दुसरा तारा तपासणीसाठी ठेवा आणि त्याचीही प्रत दर फ्रेममध्ये (कॅमेऱ्याच्या प्रत्येक छायाचित्रात) मोजा. तोही ०.२ प्रतीने उजळलेला दिसला तर दोष तुमच्या फ्रेममध्ये आहे: विरळ ढग, सेन्सरवरची धूळ किंवा न घेतलेल्या फ्लॅट फ्रेम्स (एकसारख्या उजळ पार्श्वभूमीची छायाचित्रं, ज्यांनी कॅमेऱ्याचे डाग दुरुस्त करतात). एका रात्री व्ही फिल्टर (हिरवट-पिवळा प्रकाशच आत सोडणारा), दुसऱ्या रात्री फिल्टरशिवाय, आणि दोन्ही बिंदू एकाच रेषेत जोडले, तर कधी न घडलेली उडी आलेखात दिसते.

हा ब्लेझार क्रांतिवृत्तापासून (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गापासून; चंद्र आणि बरेच लघुग्रहही त्याच्याच आसपास फिरतात) जेमतेम अडीच-तीन अंशांवर आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे चंद्र दर महिन्याला जवळून जातो. पार्श्वभूमी एका बाजूला उजळ, दुसऱ्या बाजूला काळी होते आणि मोजमाप चुकतं. एखादा लघुग्रहही नेमका ब्लेझारभोवती आखलेल्या मोजणीच्या वर्तुळात शिरू शकतो. तास-दोन तासांनी पुन्हा फ्रेम घ्या. लघुग्रह सरकलेला दिसेल, ब्लेझार जागीच असेल.

वेळ भारतीय की जागतिक, तेही नोंदवा. ओजे २८७ एका रात्रीतही बदलतो, तेव्हा साडेपाच तासांची चूक लपत नाही.

आता अर्थ लावण्याबद्दल. प्रकाश कृष्णविवरातून येत नाही, भोवतालच्या तापलेल्या वायूच्या तबकडीतून आणि आपल्या दिशेने रोखलेल्या झोतातून येतो. १८८८ पासूनच्या नोंदींत साधारण १२ वर्षांनी मोठे भडके दिसतात. एका प्रतिमानानुसार दुसरं, लहान कृष्णविवर मुख्य विवराची तबकडी भेदून जातं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) संशोधकांचाही सहभाग असलेल्या याच प्रतिमानाने ३१ जुलै २०१९चा भडका वर्तवला होता. पृथ्वीवरून ओजे २८७ तेव्हा सूर्याच्या उजेडात होता. स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने तो भडका टिपला, भाकितापासून सुमारे चार तासांच्या आत. मात्र ऑक्टोबर २०२२मध्ये अपेक्षित भडका दिसला नाही. मुख्य विवराच्या वस्तुमानावरही वाद आहे: १८ अब्ज सूर्यांएवढं की फक्त १० कोटी? अशा वस्तूबाबत दोन-तीन महिन्यांच्या नोंदींवरून ‘कालावधी सापडला’ म्हणणं धाडसाचंच. अनियमित चढउतारांतही डोळ्याला लय दिसतेच.

जुलै-ऑगस्टात सूर्य तिथेच असतो, शिवाय आपल्याकडे पावसाळा. ही पोकळी आलेखात पोकळीच ठेवा, सरळ रेषेने जोडू नका. ऑक्टोबरात तो पहाटे पूर्वेला वर आलेला सापडेल. तेव्हा पहिल्याच रात्री जुनेच तुलना-तारे आणि जुनाच फिल्टर वापरा.