बागकामाचे जुने चाकू जमवायचेत? आधी पातं किती उरलंय ते बघा

इंग्लंडमधल्या शेफील्डला, चाकू-सुऱ्यांसाठी नावाजलेल्या या गावात, राहायला आलो त्या उन्हाळ्यात एका कार बूट सेलला गेलो होतो, म्हणजे रविवारी सकाळी मैदानात लोक गाडीची डिकी उघडून घरातलं जुनं सामान विकायला मांडतात तो बाजार. तिथे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात गंजलेल्या स्क्रूड्रायव्हरखाली एक मिटलेला चाकू पडला होता, खरखरीत शिंगाची मूठ, पातं पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं. रत्नागिरीला आजोबा आंब्याची कलमं बांधायचे, त्यांच्या चाकूची मूठ हातात अगदी अशीच लागायची. पाच पौंडाला घेतला आणि तिथून हा नाद लागला. नंतर कळलं की इथले कारागीर मुठीसाठी सांबराचं शिंग वापरायचे आणि ते आपल्याकडून जहाजाने यायचं, तेव्हा तर मी तो चाकू बराच वेळ नुसता हातात धरून बसलो होतो.

सुरुवात करणाऱ्याने आधी तीन प्रकार ओळखायला शिकावं. छाटणीचा चाकू म्हणजे आकड्यासारखा, आतल्या बाजूला धार. फांदीवर टेकवून आपल्याकडे ओढला की फांदी त्या वळणात अडकते, निसटत नाही, म्हणून तो आकार. ही कल्पना फार जुनी आहे, रोमन काळात शेतीवर लिहिणाऱ्या कोलुमेलाने द्राक्षवेलीच्या कोयत्याचे एकेक भाग नावानिशी सांगितलेत. दुसरा कलमाचा चाकू, पातं सरळ, कारण काप सपाट यायला पाहिजे नाहीतर काडी (जोडायची फांदी) आणि खुंट (जिच्यावर जोडायची ते रोप) नीट जुळत नाहीत. तिसरा डोळा भरायचा, म्हणजे एका झाडाची कळी दुसऱ्याच्या सालीत बसवायचा चाकू, छोटा, आणि त्याच्या शेपटाला हाडाची बोथट पट्टी असते, सालीत टी आकाराची चीर दिली की त्या पट्टीने साल हलक्या हाताने उचलायची. बऱ्याच विक्रेत्यांना ही पट्टी कशासाठी ते माहीत नसतं, पत्र उघडायचा चाकू म्हणून विकतात, अशा वेळी स्वस्तात मिळतो.

जुने छाटणीचे चाकू इतके सापडतात त्याचं कारण सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री. फ्रान्समध्ये बर्त्रां द मोलव्हिल नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही कात्री काढली, जुने माळी बरीच वर्षं नाक मुरडत होते, पण हळूहळू चाकू शेडमधल्या खणात गेले आणि तिथेच राहिले.

आता मुख्य गोष्ट, विकत घेताना काय बघायचं. नवीन माणूस मूठ बघतो, मूठ सुंदर असतेच, पण पातं किती शिल्लक आहे ते आधी बघा. माळी रोज धार लावायचा, वीस-तीस वर्षांत पातं झिजून अर्धं होतं, आणि झिजलेलं पातं काही केल्या परत येत नाही. चाकू मिटा आणि बाजूने उजेडात धरा. टोक मुठीच्या आत नीट बसलंय का, की धार घासून घासून आकडा सपाट झालाय आणि पातं खोबणीत पार खाली बुडालंय? पात्यावर नखाने उघडायची खाच असते, त्या खाचेपासून धारेपर्यंत किती लोखंड आहे ते बघा, धार खाचेच्या जवळ आली असेल तर चाकू संपलाय, ठेवून द्या. मग मुळाशी बघा, मुठीजवळ जिथे धारेचा दगड पोचत नाही तिथे पात्याची मूळ रुंदी उरलेली असते, तिथून पुढे एकदम पायरी पडल्यासारखं दिसलं की किती झिजलंय ते लगेच कळतं. ही एक पायरी बघायची सवय लागली की निम्मे चुकीचे सौदे टळतात.

त्यानंतर उघडून बघा. चांगल्या चाकूला खटका असतो, उघडताना शेवटी टक्कन बसतो, मिटतानाही तसाच आवाज येतो. आवाज मेलेला असेल तर स्प्रिंग थकलेली असू शकते किंवा आत नुसती माती भरलेली असते, मातीवर उपाय आहे, स्प्रिंगवर नाही. पातं डावी-उजवीकडे हलवा, थोडं हललं तर चालेल, लडबडलं तर रिव्हेट गेलाय.

बनवणाऱ्याचा शिक्का पात्याच्या मुळाशी असतो, भिंग घेऊन जा. इथल्या बागकामाच्या चाकूंमध्ये सेनॉर हे नाव सगळ्यात मानाचं, सेनॉर कुक अँड रायडल असा पूर्ण शिक्काही मिळतो, मला स्वतःला त्यांचाच आकडा हातात सगळ्यात छान बसतो. जोसेफ रॉजर्सवर तारा आणि माल्टीज क्रॉस असतो, ही खूण त्यांच्या नावावर 1764 पासून. वोस्टनहोम या कारखान्याच्या चाकूवर आयएक्सएल ही अक्षरं. वय काढायला काही सोप्या खुणा आहेत. व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा काळ, 1837 ते 1901. इंग्लंड असं देशाचं नाव असेल तर चाकू बहुतेक 1891 नंतरचा, कारण अमेरिकेने 1890 च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. आणि स्टेनलेस लिहिलं असेल तर 1913 च्या आधीचा असूच शकत नाही, ते स्टील हॅरी ब्रिअर्लीने याच गावात त्या वर्षी काढलं. विक्रेता कितीही छातीठोक व्हिक्टोरियन म्हणाला तरी स्टेनलेसचा शिक्का दिसला की विषय संपला. ज्यांना जमेल त्यांनी इथल्या केल्हम आयलंड म्युझियममधलं हॉली कलेक्शन बघून यावं, शेफील्डची हत्यारं आणि ती कशी बनायची हे एका ठिकाणी बघायला मिळतं, शंभर फोटो बघून जे कळत नाही ते तिथे तासाभरात कळतं.

साफसफाईबद्दल मी जरा कळकळीने सांगतो, कारण माझा दुसराच चाकू मी एका धारवाल्याकडे दिला होता, त्याने तो मोटरच्या चाकावर धरला, पातं आरशासारखं चकचकीत झालं आणि शिक्का पुसून गेला. अजून वाईट वाटतं. पात्यावरचा काळा-करडा थर हा गंज नाही, तो शंभर वर्षांत तयार झालेला रंग आहे आणि तोच पात्याला सांभाळतो, त्याला हात लावू नका. लाल गंज मात्र काढायचा. आधी सांध्यात हलक्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा, अडकलेलं पातं पक्कडीने ओढू नका, खाच तुटते. सकाळी थोडं उघडा, मिटा, पुन्हा तेल, पुन्हा उघडा. कॉफीसारखं तपकिरी पाणी बाहेर येतं, ते पुसत राहायचं, माझ्या सेनॉरला असे चार दिवस लागले आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा तो टक्क आवाज आला. खोबणीतली माती बांबूच्या काडीने काढा, मग लाल गंजावर तेल लावून चार शून्यांची (0000, सगळ्यात बारीक) स्टील वूल अगदी हलकी फिरवा, शिक्क्यावर नको. शिंग आणि लाकूड पाण्यात भिजवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. शेवटी पात्याला मेणाचा पातळ हात द्या.

ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं कमावताना वापरलेल्या आम्लामुळे पातं गंजतं. सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू, कासवाच्या पाठीसारखे किंवा मोत्यासारखे दिसतात ते, बाकीच्यांपासून लांब ठेवा, जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून निघणाऱ्या वाफेने शेजारचे चाकूसुद्धा गंजतात.

कायद्याचंही बघून घ्या. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंत धार असलेला, लॉक न होणारा घडीचा चाकू खिशात चालतो, त्याहून मोठा असेल तर सबळ कारण लागतं, म्हणून बाजारातून आणताना गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवा आणि थेट घरी या. डोळा भरायच्या चाकूची पट्टी हाडाऐवजी हस्तिदंती निघाली तर इथे खरेदी-विक्रीवर कडक बंधनं आहेत. हाडात भिंगाखाली बारीक काळे ठिपके दिसतात, हस्तिदंतात कापलेल्या टोकाला एकमेकांना छेदणाऱ्या रेषा दिसतात. आणि भारतात सांबर संरक्षित आहे, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, तेव्हा शिंगाच्या मुठीचा चाकू हौसेने गावी घेऊन जाऊ नका.

मी गेल्या वर्षी चुलतभावासाठी अक्रोडाच्या मुठीचा, सरळ पात्याचा कलमाचा चाकू नेला, अर्थात चेक-इन बॅगेत. त्याने पावसाळ्यात कोय कलमं केली त्या चाकूने, काडीच्या पाचरेचा फोटो पाठवला, दोन्ही बाजू काचेसारख्या सपाट.