जिमचे बूट स्वस्तात घेताना या चुका टाळा

बारा वर्षं डोंबिवलीत जिममध्ये शिकवतोय. दिवाळीनंतर आणि जानेवारीत नवी मुलं येतात आणि पहिल्याच दिवशी पाय पुढे करतात, "सर, आठ हजारांचे शूज, सत्तावीसशेला पडले." मी काही बोलायच्या आधी बुटाची टाच अंगठ्याने दाबून बघतो. अंगठा आत रुतला की कळतं, पोराने भाव बघून बूट घेतलाय, काम बघून नाही. आधी बूट ठरवायचा आणि मग त्याच्या भावाची वाट बघायची, एवढा एक क्रम पाळला तरी निम्मे पैसे वाचतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पळायचे बूट घालून वजन उचलणं. सेलमध्ये सर्वात मोठी सूट बहुतेक वेळा पळायच्या बुटांवरच असते, आणि ऑनलाइन 'ट्रेनिंग अँड जिम' असं निवडलं तरी त्या यादीत तेच घुसलेले असतात. पळताना टाचेला बसणारा दणका शोषायला त्यांचा सोल मऊ ठेवतात, आणि टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १२ मिलिमीटर उंच असते. रस्त्यावर हे बरोबरच आहे. पण खांद्यावर बार असताना तो मऊपणा पायाखालची जमीन हलवतो.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजातला एक मुलगा यायचा. ८० किलोचा स्क्वॉट, म्हणजे बार खांद्यावर घेऊन बैठक मारताना त्याचा उजवा गुडघा दर वेळी आत पडायचा. तीन आठवडे त्याने व्हिडिओ पाहिले, गुडघ्याला पट्टा आणला, मांडीचे वेगळे व्यायाम केले. एकदा मी मागून फक्त त्याच्या टाचांकडे बघत उभा राहिलो. खाली बसताना उजव्या बुटाचा फोम आतल्या बाजूला दबत होता आणि घोटा त्याच्यामागे जात होता. माझे सपाट कॅनव्हासचे बूट त्याला घालायला दिले, वजन ६० वर आणलं. त्याच संध्याकाळी गुडघा पुष्कळ सरळ राहिला. दर वेळी दोष बुटाचाच असतो असं मी म्हणणार नाही. पण बूट बदलून बघणं सगळ्यात सोपं, आणि तेच सगळ्यात शेवटी केलं जातं.

वजनं उचलणार असाल तर सपाट, कडक सोल बघा. साध्या सपाट कॅनव्हासच्या बुटावर डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं, उत्तम होतो. उड्या, दोरी, वजनं असं सगळं मिसळून करणाऱ्यांसाठी नायकी मेटकॉन किंवा रिबॉक नॅनोसारखे ट्रेनिंगचे बूट असतात. त्यांना क्रमांक असतात. नवा क्रमांक आला की मागच्याचा भाव उतरतो, आणि दोन क्रमांकांतला फरक नवशिक्याच्या पायाला जाणवतही नाही. मी स्वतः कायम मागचाच क्रमांक घेतो. तुमचा बहुतेक वेळ ट्रेडमिलवर जात असेल, तर मात्र पळायचेच बूट घ्या.

ज्यांना पहिल्याच दिवशी सगळं हवं असतं, त्यांना माझं सांगणं: महिनाभर शाळेच्या पीटीचे पांढरे कॅनव्हास घालून या. महिन्याने तुम्ही जिममध्ये नक्की काय करता ते तुम्हालाच कळलेलं असेल.

दुसरी चूक माझ्या स्वतःच्या घोट्याला महागात पडली, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. २०१९ च्या दिवाळीत एका आउटलेटमध्ये ७० टक्के सूट होती. बूट आवडला, म्हणून एकाच मापाचे दोन जोड घेतले. एक वापरला, दुसरा खोक्यासकट माळ्यावर ठेवला. मग लॉकडाऊन आला, जिम बंद. २०२२ च्या पावसाळ्यानंतर तो जोड काढला. दिसायला अगदी कोरा. तिसऱ्या दिवशी दोन्ही हातांत २० किलोचे डंबेल घेऊन एकाला लंज (एक पाय पुढे टाकून खाली बसणं) दाखवत होतो आणि पुढच्या पायाचा सोल टाचेपासून सुटला. घोटा मुरगळला, तीन आठवडे शिकवणं खुर्चीतून. मॅटवर भिजलेल्या खारीसारखा चुरा पडला होता. घरी जाऊन खोक्यावरचं लेबल वाचलं तर बूट २०१६ चा.

काही बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेन नावाचं प्लास्टिक असतं. हवेतल्या दमटपणाने ते आतून तुटत जातं, बूट पायात नसला तरीही. ईव्हीए नावाचा दुसरा फोम असतो, त्याचा असा चुरा होत नाही, पण वर्षांनी कडक होतो, आणि गोंदही धरत नाही. आपल्याकडची हवा बघता स्वस्तात मिळाला म्हणून जास्तीचा जोड साठवणं बंद करा. खोक्यावर एमआरपीसोबत बनवल्याचा महिना आणि वर्ष छापणं बंधनकारक आहे. मी पैसे देण्याआधी तेच वाचतो आणि दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर कितीही सूट असो, ठेवून देतो. ऑनलाइन मागवलेला बूट आला की खोकं फेकायच्या आधी लेबल बघा, परत करायची मुदत तेव्हा हातात असते.

सूट एमआरपीवर मोजू नका. तोच मॉडेल क्रमांक आणखी तीन ठिकाणी शोधा, खरा भाव दिसतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग जोडाला १८ टक्के. कराआधी २५०० असेल तर बिल २६२५, आणि २६०० झाले की थेट ३०६८. म्हणून मी आधी २६२५ च्या आत काय मिळतं ते चाळतो.

माप संध्याकाळी, जिमचे मोजे घालून घ्या. तोवर पाय थोडा फुगलेला असतो. चवडा रुंद असेल तर एक नंबर मोठा घेऊ नका, टाच सुटते; काही कंपन्या '२ई' म्हणून रुंद माप देतात, ते शोधा. दुकानात पाच बैठका मारून बघायला लाजू नका.

'फर्स्ट कॉपी', म्हणजे ब्रँडची नक्कल, जिमसाठी नको. जिभेमागच्या लेबलवरचा क्रमांक आणि खोक्यावरचा क्रमांक जुळतो का, तेवढं तरी बघा.

धुतलेले बूट कडक उन्हात वाळवू नका, गोंद सुटतो. आणि जिमचे बूट घालून बाइक चालवू नका. गिअर टाकून टाकून डाव्या बुटाचं नाक आधी फाटतं; माझ्याकडची निम्मी मुलं उजवा बूट धडधाकट असताना नवा जोड घेतात. मी चपलेवर येतो, बूट पिशवीत.