श्रमदानातून घर बांधताना माणसं कशी लावायची (स्लॅबच्या दिवशी तर खास)

2019 च्या महापुरात सांगली जिल्ह्यात पलूस, मिरज, वाळव्याकडं मातीची घरं बसली, तेव्हापासून आम्ही पैऱ्यासारखी (आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं अशी) घरं बांधायला जातोय. आणि दरवेळी कुणीतरी शहाणा सांगतोच, आधी पोरांना गोलात बसवा, ओळख करून घ्या, खेळ घ्या. काय गरज नाय. दोन तास वाळू चाळली की आपोआप ओळख होते.

एका मिस्त्रीमागं आठ-दहा जण बास, त्याच्यावर आले की निम्मे फोटो काढत बसतात. (स्लॅबचा दिवस सोडून, त्या दिवशी येईल तेवढं माणूस लागतं.)

पाया: कृष्णाकाठची काळी माती फुगते, भेगाळते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खांदायचं. दारं, खिडक्या, संडास कुठं ते घरच्या बाईला विचारून फक्कीनं आखून घ्या, पुरुषांना विचारलं की जोत्यानंतर बदलतंय.

भिंती: सूत आणि ओळंबा मिस्त्रीच्या हातात, पोरांनी विटा भिजवायच्या आणि माल द्यायचा.

आता स्लॅब. आमचं घोडं कायम इथंच अडायचं, आणि कारण सिमेंट नाय, बोलणं. मिक्सर सुरू झाला की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. वरनं कुणीतरी ओरडतो, "माल घट्ट आलाय!" खाली मिक्सरपाशी उभा असलेला भला माणूस लगेच अर्धी बादली पाणी ओततो, कारण त्याला मदत करायचीय. पातळ माल पसरायला सोपा म्हणून सगळे खूश, पण स्लॅब कमजोर झाला ते कुणाला दिसत नाही. 50 किलोच्या गोणीला साधारण 25 ते 28 लिटर पाणी, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. ते मापून टाकायचं काम एकाच माणसाचं, आणि त्यानं मिस्त्री सोडून कुणाचंही ऐकायचं नाही, सरपंच आले तरी.

म्हणून कडेला एक निरोप्या उभा करा, ज्याला मिस्त्री पण दिसतो आणि मिक्सर पण. वरचा निरोप फक्त त्याच्यातर्फे खाली जाणार, तोही हातानं. पंजा दाखवला की थांबा, बोट फिरवलं की माल पाठवा, दोन खुणा पुरे. सकाळी प्रत्येकाकडनं त्या करून दाखवून घ्या. "कळलं का?" असं विचारू नका, श्रमदानाला आलेलं पोरगं लाजंनं कायम हो म्हणतंय, कॉलेजचं असेल तर जास्तच. "तू काय करणार सांग बघू" म्हणायचं, मग खरं बाहेर येतं.

घमेल्यांच्या साखळीत पाय हलवायचे नाहीत, अंग वळवून पुढच्याच्या हातात द्यायचं. रिकामी घमेली दुसऱ्या रांगेनं खाली, एकाच रांगेत भरलेली-रिकामी फिरायला लागली की गोंधळ झालाच समजा. जागा अधनंमधनं बदला, शिडीवरचा माणूस सगळ्यात आधी थकतो आणि तोच सगळ्यात कमी बोलतो. चहा आलटूनपालटून, कारण सगळे एकदम उठले की पडलेला माल आवळतो आणि तिथंच सांधा राहतो, पुढं पावसाळ्यात बरोबर तिथनंच गळतं.

अन हो, प्रत्येक गावात एक तात्या असतो ज्यानं पूर्वी एक घर बांधलंय आणि तो कडेला उभा राहून सूचना देतो. त्याच्याशी भांडू नका, गोण्या मोजायला बसवा. मनापासून मोजतो.

स्लॅब झाला की दुसऱ्या दिवशी मसाल्याचे (सिमेंट-वाळूच्या मालाचे) बांध घालून वर पाणी तुंबवा, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर निदान 10 दिवस. पाळ्या नावानिशी लिहा, सकाळी कोण, संध्याकाळी कोण. "आम्ही मारतो की पाणी" म्हणजे कुणीच मारत नाही. आणि सेंट्रिंगवाला (स्लॅबखालचा साचा लावणारा) त्याच्या प्लेटा मागत दारात येऊन बसला तरी मिस्त्रीनं सांगितल्याशिवाय एक टेकू पण काढू द्यायचा नाही.